नस, शीर, रोहिणी: रक्तवाहिन्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हृदयावर लिहिलं आणि पत्रं आली ती मात्र बहुतेक सगळी रक्तवाहिन्यांबद्दल, कुणाचा पाय, कुणाचं बीपी, कुणाच्या घरच्यांची बायपास. मला खरंच बरं वाटलं. तीसेक वर्षं मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आणि कायम जाणवायचं की हृदयाचं कौतुक सगळे करतात पण रक्तवाहिन्या म्हटलं की डोळ्यासमोर घरातले पाण्याचे पाईप येतात. पाईप मेलेला असतो, रक्तवाहिनी जिवंत आहे, ती ताणते, आवळते, जाड होते, दुखावते, भरूनही येते. हे मी या वेळी बऱ्याच उत्तरांत पुन्हा पुन्हा म्हणणार आहे तेवढं चालवून घ्या. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, आमच्याकडे मान धरली की "नस दबली", शेजारच्या काकांना ॲटॅक आला तर "नस ब्लॉक झाली", आणि रात्री पोटरीत गोळा आला की सासूबाई म्हणतात "शिरेवर शीर चढली". ह्या सगळ्या नसा एकच का?
– एक गृहिणी, सातारा

उत्तर: नाही ताई, तिन्ही वेगळ्या. मान धरते, हाताला मुंग्या येतात, कमरेतून कळ पायात उतरते, तिथली नस म्हणजे मज्जातंतू, तो मेंदूचे निरोप इकडून तिकडे नेतो, त्यातून रक्त वाहत नाही. पोटरीत गोळा येतो तो आखडलेला स्नायू, तिथे कुठलीच शीर कशावरही चढलेली नसते, गुडघा सरळ करून पाऊल स्वतःकडे ओढलं की सुटतो. आणि ॲटॅकमध्ये जी बंद होते ती रक्तवाहिनी. बोलण्यापुरतं एकाच शब्दाने काही बिघडत नाही, पण छातीत दाबल्यासारखं होऊन कळ डाव्या हातात नाहीतर जबड्यात जायला लागली, घाम फुटला, आणि घरातलं कोणी "नस दबली असेल" म्हणत बाम चोळत बसलं तर फार बिघडतं. अशा बाम चोळण्यात गेलेल्या तासांमुळे हृदयाचा मोठा तुकडा गमावलेली माणसं मी बघितली आहेत. ती कळ आली की १०८ ला फोन, किंवा दारात जी गाडी असेल ती, आणि थेट ईसीजी.

आता खऱ्या रक्तवाहिन्या. हृदयाकडून रक्त बाहेर नेतात त्या रोहिणी (कोणी धमनी म्हणतं), परत आणतात त्या नीला, म्हणजे आपल्या शिरा, आणि दोघींच्या मधे केसाहूनही बारीक केशवाहिन्या. शाळेत "रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध" असं पाठ करून घ्यायचे ते विसरा, कारण हृदयातून फुप्फुसाकडे जाते ती रोहिणीच आहे आणि तिच्यात ऑक्सिजन कमी झालेलं रक्त असतं. दिशेवरून ओळखायचं, रंगावरून नाही. आणि शब्दांची एक गंमत मला फार आवडते, धमनी हा शब्द संस्कृतातल्या फुंकण्याच्या धातूवरून आलाय, भाता फुंकतात तसं, आणि तिकडे जुन्या ग्रीक वैद्यांनाही वाटायचं की रोहिणीत हवाच असते, कारण मेलेल्या शरीरात त्या रिकाम्या सापडायच्या. दुसऱ्या शतकात गॅलन नावाच्या ग्रीक वैद्याने जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधली, मधे चिरली, आणि आत रक्तच आहे हे दाखवून दिलं.

प्रश्न: मॅम मी ११वी सायन्सला आहे. परवा लॅबमध्ये रक्त दिलं तेव्हा त्या दादांनी दंडाला रबर बांधला, मूठ आवळ म्हणाले, हिरवट निळी शीर टोचली पण रक्त निघालं मरून कलरचं. निळं का नाही? आणि नाडी लागते तिथूनच का नाही घेत, तिथे तर रक्त जोरात असेल ना?
– नाशिक

उत्तर: तुझं निरीक्षण पक्कं आहे. माणसाचं रक्त कधीच निळं नसतं, ऑक्सिजन भरपूर असला की लालभडक आणि कमी झाला की गडद, तू बघितलंस तसं मरून. शीर निळी दिसते तो प्रकाशाचा खेळ, लाल प्रकाश कातडीत खोल जातो आणि शिरेतलं रक्त तो बराचसा शोषून घेतं, निळा वरच्या वरच परत फिरतो, त्यामुळे आजूबाजूच्या कातडीच्या मानाने शिरेच्या जागेवरून लाल कमी येतो आणि डोळ्याला ती निळसर वाटते.

मनगटाच्या रोहिणीतून रक्त घेतातही, आयसीयूमध्ये ऑक्सिजन किती ते बघायला, पण ते चांगलंच दुखतं आणि सुई काढल्यावर पाच-पाच मिनिटं दाबून धरावं लागतं कारण आत दाब जास्त आहे. शिरेत दाब कमी, भिंत पातळ, जागा कातडीच्या अगदी खाली. रबर बांधतात तो इतपतच घट्ट की शिरेतून परत जाणारं रक्त अडेल पण खोलवरच्या रोहिणीतून येणारं चालू राहील, म्हणजे येतंय पण जात नाही, मग शीर फुगणारच. मूठ आवळली की स्नायू आतलं रक्त वरच्या शिरांकडे ढकलतात. रबर फारच करकचून बांधला तर रोहिणीही बंद होते आणि शीर सापडतच नाही, हात पांढरा पडतो नुसता.

दोन्हींच्या भिंतीला थर तीनच असतात, आत एका पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर, मधे स्नायू आणि लवचिक धागे, बाहेर आधार देणारं वेष्टण. फरक मधल्या थराचा. डिसेक्शनला दोन्ही आडव्या कापून शेजारी ठेवल्या की रोहिणीचं तोंड रबरी नळीसारखं गोल उघडं राहतं आणि नीला हवा गेलेल्या फुग्यासारखी चपटी पडते, मुलांना मी हेच आधी बोटाने चाचपायला लावायचे, मग पुस्तक.

आता एक गोष्ट तू घरी करून बघ. हात खाली लोंबकळत सोड, दंडाला रुमाल हलका बांध, नाडी लागत राहिली पाहिजे इतकाच. हाताच्या पुढच्या भागावर एखादी लांब सरळ शीर निवड, तिच्यावर कुठे कुठे बारीक गाठीसारखा फुगवटा दिसेल, तिथे आत झडप आहे. आता एका बोटाने गाठीच्या खाली, मनगटाच्या बाजूला, शीर दाबून धर. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे शीर पुसत ने, गाठ ओलांड, आणि ते दुसरं बोट उचल. वरचं रक्त मागे येईल पण गाठीपाशीच थांबेल, खालचा तुकडा सपाट, रिकामा. पहिलं बोट उचललंस की खालून झर्रकन भरेल. बस, एवढ्यावरून कळतं की शिरेतलं रक्त फक्त हृदयाकडेच जातं. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६२८ सालच्या आपल्या पुस्तकात याच प्रयोगाची हाताची चित्रं दिली आहेत. झडपा त्याच्या आधी इटलीतल्या पादुआत त्याच्या गुरूंनी, फॅब्रिशियसनी, दाखवल्या होत्या, पण त्या कशासाठी हे हार्वेला कळलं. त्याने साधा हिशोबही केला, हृदय एका ठोक्याला किती रक्त टाकतं गुणिले अर्ध्या तासातले ठोके, आकडा शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त येतो, मग एवढं रक्त येतं कुठून? तेच फिरून येत असणार. आज आपल्याला माहितीये की मोठ्या माणसात ५ लिटरच्या आसपास रक्त असतं आणि निवांत बसलेलं असतानाही हृदय मिनिटाला साधारण तेवढंच ढकलतं. फक्त रोहिणीतून शिरेत रक्त जातं कुठून हे हार्वेला कधी दिसलं नाही. तो १६५७ ला गेला आणि १६६१ मध्ये इटलीत माल्पिगी नावाच्या शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. चार वर्षांनी हुकलं. मला दर वर्षी हे सांगताना हळहळ वाटायची.

प्रश्न: वय ७१. बीपी वरचं १६४, खालचं ७०. आमच्या सकाळच्या ग्रुपमधले म्हणतात खालचं नॉर्मल आहे ना, मग कसली काळजी. गोळी घ्यावी का?
– निवृत्त शिक्षक, अमरावती

उत्तर: सर, ग्रुपचं ऐकू नका, तुमच्या वयात वरचाच आकडा जास्त महत्त्वाचा.

हृदयातून महारोहिणी निघते, अंगठ्याएवढी जाड, अडीच सेंटीमीटरच्या आसपास. हृदय रक्त झटक्याने टाकतं, मधे थांबतं, पुन्हा टाकतं, पण बोटाच्या टोकापर्यंत रक्त सलग पोचतं, कारण झटका आला की ही महारोहिणी फुगते आणि हृदय थांबलेलं असताना परत आक्रसून साठवलेलं रक्त पुढे ढकलते. हे करणारे लवचिक धागे शरीर बहुतेक लहानपणीच तयार करून ठेवतं, नंतर नवे फारसे होत नाहीत. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर, सत्तर वर्षांत अडीचशे कोटींच्या वर ताण, तेही त्याच धाग्यांवर. जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखं होतं मग, ताणत नाही आणि आक्रसतही नाही. ताणत नाही म्हणून झटक्याच्या वेळी दाब चढतो, वरचा आकडा वाढतो. आक्रसत नाही म्हणून मधल्या वेळात दाब टिकत नाही, खालचा आकडा उतरतो. म्हणजे तुमचे ७० हे त्याच कडकपणाचं दुसरं टोक असू शकतं, आणि १६४ चा मार मेंदूच्या आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांवर प्रत्येक ठोक्याला बसतोय. पाऱ्याच्या १६४ मिलिमीटरचा दाब पाण्याचा खांब सात फुटांच्या वर उचलेल, एवढं डोळ्यासमोर आणा. (स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने १७३३ मध्ये छापलेल्या प्रयोगात घोडीच्या रोहिणीला काचेची लांब नळी जोडली होती, रक्त आठ फुटांच्या वर चढलं. दाब मोजायची सुरुवात तिथली.)

पण एकदाच्या मापावर गोळी सुरू होत नाही. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीला, लघवी करून आलेले, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नाही, आणि मोजताना गप्पा नाहीत. अशी आठवडाभराची मापं वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. उभं राहिल्यावरही एकदा मोजायला सांगा. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर नाहीतर त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, मानेतल्या रोहिणीत दाब ओळखणारी जागा असते ती लगेच निरोप पाठवते आणि शिरा-रोहिणी आवळल्या जातात. वयानुसार हे मंदावतं, त्यात गोळी जास्त झाली तर रात्री बाथरूमला उठल्यावर चक्कर येऊन पडायला होतं. म्हणून गोळी घ्यायची, पण हळूहळू वाढवत, आणि पलंगावरून उठताना दोन मिनिटं कडेला बसून मग उठायचं.

प्रश्न: मी १८ वर्षं सलूनमध्ये उभा राहून काम करतो. डाव्या पायाच्या शिरा गांडुळासारख्या वळवळीत फुगल्यात, संध्याकाळी घोटा सुजतो, खाली कातडी काळी पडलीय. लेझर करा म्हणतात. शीर जाळून टाकली तर रक्त जाणार कुठून?
– कोल्हापूर

उत्तर: दादा, हा प्रश्न उभ्याने काम करणाऱ्या कितीतरी जणांचा आहे, ट्रॅफिक पोलीस, कंडक्टर, शिक्षक, पोळ्या लाटणाऱ्या बायका. पायातलं रक्त चार फूट वर चढवायचं काम हृदय एकटं करत नाही, पोटरी करते. पोटरीच्या स्नायूंच्या मधे खोल शिरा आहेत, पाऊल टाकलं की स्नायू त्या पिळतात, रक्त वर जातं, आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. नुसतं स्थिर उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत जातो, चालायला लागलं की तिसाच्या आसपास उतरतो. म्हणजे त्रास उभं राहण्याचा आहे, चालण्याचा नाही. वर्षानुवर्षं त्या दाबाने शीर रुंदावली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, रक्त खाली गळतं, खालची झडप अजून ताणते, असं करत करत सगळी शीर वेडीवाकडी होते.

लेझरने बंद करतात ती कातडीखालची शीर. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांमधून जातं, वरची बिघडलेली बंद केली तर रक्त त्या चांगल्या रस्त्याला लागतं. फक्त आधी डॉपलर सोनोग्राफी करून खोल शिरा मोकळ्या आहेत हे बघायलाच हवं. तुमची कातडी काळी पडलीय म्हणजे आता जास्त लांबवू नका, पुढची पायरी न भरणारी जखम असते आणि ती महिनोन्महिने छळते. तोवर गिऱ्हाइकामागे उभं असताना टाचा वरखाली करत राहा, दोन गिऱ्हाइकांच्या मधे दुकानाबाहेर जाऊन फेरी मारून या, रात्री पायाखाली उशी. दाबाचे मोजे डॉक्टरांना पायाची नाडी तपासायला लावूनच घ्या, कारण रोहिणीचा आजार असेल तर ते मोजे नुकसान करतात, आणि घालायचे ते सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी. फुगलेली शीर कधी फुटली तर रक्त बघून घाबरून उभं राहू नका, आडवं व्हा, पाय वर, स्वच्छ फडक्याने दाबून धरा, थांबतं. आणि एक पाय अचानक सुजून दुखायला लागला तर चोळू नका, खोल शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाते, त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न: माणसाच्या रक्तवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर १ लाख किमी होतात, पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा, असं मुलीच्या प्रोजेक्टमध्ये लिहायचंय. बरोबर आहे का?
– ठाणे

उत्तर: नका लिहू. हा आकडा डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या अंदाजातून आला, केशवाहिन्यांच्या कामासाठी त्यांना १९२० चं नोबेल मिळालं, माणूस मोठाच, पण त्या हिशोबात त्यांनी ५० किलो स्नायू असलेला पुरुष धरला होता आणि केशवाहिन्यांची दाटीही फार जास्त. अलीकडच्या संशोधकांनी पुन्हा हिशोब केला तर ९ ते १९ हजार किलोमीटर येतात. तेही काही कमी नाही.

मुलीला त्यापेक्षा हे लिहू द्या. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीची, आणि काही इतक्या अरुंद की तांबडी पेशी दुमडून, एकामागे एक, रांगेने जाते. महारोहिणीत रक्त सेकंदाला वीतभर धावतं आणि केशवाहिनीत जेमतेम अर्धा मिलिमीटर, कारण रस्ते अब्जावधी झालेत आणि सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड आहे. तो संथपणा हवाच असतो, त्या एक-दोन सेकंदांत ऑक्सिजन, साखर बाहेर जाते आणि कचरा आत येतो. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात मात्र एकही रक्तवाहिनी नसते, तो ऑक्सिजन हवेतून घेतो, आणि नेत्रदानात सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही तो मुख्यतः त्यामुळेच.

प्रश्न: मुलाला (वय ६) ताप १०३ आणि हातपाय बर्फासारखे गार. असं कसं? आणि गेल्या पावसाळ्यात भाचीला डेंग्यू झाला तेव्हा ताप उतरल्यावर ॲडमिट केलं, ते का?
– नागपूर

उत्तर: तापात मेंदू शरीराचं तापमान वरच्या आकड्यावर लावतो आणि उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून कातडीतल्या बारीक रोहिणी आवळून घेतो, म्हणून पोट तापलेलं आणि तळहात गार. ताप उतरायला लागला की त्याच उघडतात, गाल लाल होतात, घाम येतो. मूल खेळतंय, पाणी पितंय, लघवी होतेय तर घाबरू नका. पण गार हातपायांसोबत मूल मलूल झालं, झोपाळलं, कातडी चट्टेरी दिसली तर ताबडतोब दाखवा.

डेंग्यूचं नीट वाचा, कारण यात दर पावसाळ्यात चूक होते. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत बसतं, आणि खरा धोका बऱ्याचदा केशवाहिन्यांत असतो. त्यांचं अस्तर गळायला लागतं, रक्तातलं पाणी बाहेर झिरपून पोटात, छातीत साठतं आणि आतलं रक्त घट्ट होतं, दाब पडतो. आणि हे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकं ताप उतरताना होतं, म्हणजे घरचे "बरं झालं, ताप गेला" म्हणून निवांत होतात तेव्हाच. ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, मूल अस्वस्थ किंवा सुस्त, लघवी कमी, यातलं एक जरी दिसलं तरी परत डॉक्टरांकडे. भाचीच्या डॉक्टरांनी बरोबर केलं.

प्रश्न: लसूण, आलं, लिंबू, ॲपल सायडर व्हिनेगर उकळून मध घालून रोज घेतला की हृदयाच्या नळ्यांतला ब्लॉकेज साफ होतो असं व्हॉट्सॲपवर आलंय. मिस्टरांच्या दोन नळ्यांत ६० आणि ७० टक्के आहे, त्यांनी गोळ्या बंद करून हा काढा सुरू केलाय. बायपास झालेल्या भावजींनीही हेच सांगितलं.
– पुणे

उत्तर: ताई, आधी गोळ्या सुरू करा. आजच. उत्तर मग वाचा.

पाईपची कल्पना सगळ्यात जास्त घात करते ती इथे. आपल्याला वाटतं नळीत गाळ साचलाय, तर काहीतरी आंबट, तिखट सोडलं की खरवडून निघेल. पण ब्लॉकेज नळीच्या पोकळीत साचलेलाच नसतो, तो भिंतीच्या आत असतो, अस्तराच्या खाली. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल दुखावलेल्या अस्तरातून खाली शिरतं, ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात, तिथेच मरतात, आणि वरून शरीर एक टोपण घालतं, गळवावर खपली धरावी तसं. हे वीस-तीस वर्षं चालतं. लसूण-लिंबू पोटात जाऊन पचतं, ते त्या टोपणाखाली पोचणार कसं? आणि ॲटॅक येतो तो बऱ्याचदा टोपण फुटून, त्यावर क्षणात रक्ताची गुठळी होऊन, त्यामुळे चाळीस टक्केवाल्यालाही येऊ शकतो. तुमच्या मिस्टरांच्या गोळ्यांपैकी कोलेस्टेरॉलची गोळी ते टोपण घट्ट ठेवते आणि गुठळीची गोळी गुठळी होऊ देत नाही. त्या बंद करणं म्हणजे दोन्ही राखणदार हटवणं.

खायचा लसूण खाऊ द्या, जेवणात छानच. काढ्यासारखा भरपूर कच्चा लसूण मात्र रक्त पातळ करायच्या गोळीसोबत घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, रक्तस्राव वाढू शकतो.

ते अस्तर काय आहे हे कळलं तर मिस्टरांना पटेल असं मला वाटतं. १९८० मध्ये फर्चगॉट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर काम करताना बघितलं की एक औषध घातलं की पट्टी सैल पडते, पण आतलं अस्तर चुकून खरवडलं गेलं असेल तर पडत नाही. म्हणजे सैल हो हा निरोप अस्तर देतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू, आणि या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं, तिघांना मिळून. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती गोळी शरीरात हाच वायू सोडते. चालायला लागलं की रक्त अस्तराला घासून वाहतं आणि अस्तर तो वायू जास्त सोडतं, तंबाखू, सिगारेट, वाढलेली साखर, वाढलेला दाब हे सगळे त्याच अस्तराला मारतात. मशेरीसुद्धा, हे आपल्याकडच्या बायकांना कोणी सांगत नाही. नळ्या साफ करायचं औषध शोधण्यापेक्षा हे अस्तर जपा, कारण तेवढं आपल्या हातात आहे.

भावजींना माझ्याकडून एक सांगा. बायपासमध्ये पायातली लांब शीर काढून हृदयावर जोडतात, अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलंडला हे रुळवलं, आणि जोडताना ती शीर उलटी करून जोडतात, नाहीतर तिच्यातल्या झडपा रक्त अडवतील. पायातल्या कमी दाबाची सवय असलेली ती शीर अचानक रोहिणीच्या दाबाखाली येते. मग तिची भिंत जाड व्हायला लागते, आणि गोळ्या सोडल्या, तंबाखू चालू ठेवली तर पुन्हा अरुंद होते. छातीच्या आतून घेतलेली रोहिणी जोडली असेल तर ती जास्त टिकते, पण बाकी नळ्या त्यांच्याही त्याच आहेत. काढ्यावर विसंबायची सोय त्यांनाही नाही.

प्रश्न: मिस्टरांचं डायलिसिस सुरू झालंय. मनगटाजवळ फिस्टुला केलाय. दोन महिन्यांत तिथली शीर दोरीएवढी जाड झाली आणि हात लावला की आत घरघर लागते, मला झोपेतसुद्धा ती जाणवते आणि भीती वाटते. फुटणार तर नाही ना?
– लातूर

उत्तर: वहिनी, ती घरघर चांगली आहे. तीच तर हवी.

डायलिसिसला मिनिटाला २००-३०० मिलिलिटर रक्त बाहेर काढून परत द्यावं लागतं, साधी शीर तेवढं देऊच शकत नाही आणि रोहिणीला आठवड्यातून तीनदा टोचता येत नाही. म्हणून रोहिणी आणि शेजारची शीर एकमेकींना जोडतात, तोच फिस्टुला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये ही पद्धत छापली, तेव्हापासून जगभर तीच. रोहिणीचा जोर थेट शिरेत आला की शीर स्वतःला बदलते, रुंद होते, भिंत जाड करते, म्हणून ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे थांबून मग सुई टोचतात. तुम्ही ते रोज डोळ्यांनी बघितलंत, पातळ निळी शीर दोन महिन्यांत दोरीएवढी. मुलांना मी वर्गात तासभर सांगून जे पटायचं नाही ते डायलिसिसच्या वॉर्डात एखाद्या पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवली की पटायचं, मांजर अंगावर घेऊन बसल्यावर तिची घुरघुर हाताला लागते अगदी तसं. जास्त दाबाचं रक्त कमी दाबाच्या शिरेत जोराने शिरतं, त्याची ती थरथर.

त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, रक्त घेऊ देऊ नका, हॉस्पिटलमध्ये नवा स्टाफ असेल तर तुम्हीच आधी सांगा. त्या हातात घड्याळ, घट्ट बांगडी-कडं नको, पिशवी अडकवायची नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. डायलिसिसच्या आधी तो हात साबणाने स्वच्छ धुवायचा. घरी आल्यावर टोचलेल्या जागेतून रक्त आलं तर बोटाने नेमकं तिथेच दाबा आणि हात वर धरा, वर जाड फडकं गुंडाळून बसू नका, त्याने आत काय चाललंय ते कळत नाही. जागा लाल, गरम झाली, पू आला, फुगवटा एकदम वाढला किंवा वरची कातडी पातळ चकचकीत झाली तर लगेच दाखवा, फुटायची भीती असते ती तेव्हा.

आणि रोज सकाळी उठल्यावर त्या शिरेवर तीन बोटं ठेवून बघायचं, मिस्टरांनाही शिकवा. घरघर लागली की ठीक. कमी वाटली किंवा लागलीच नाही तर आत गुठळी झालेली असू शकते आणि ती थोड्या वेळातच काढली तर फिस्टुला वाचतो, म्हणून पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच तासाला, रविवार असला तरी, सेंटरला फोन करायचा.